दहापैकी दहा

बॅगेचा पट्टा तुटला नसता तर त्याच्या कानावर ते पडलंच नसतं. पाच वर्षं तो त्याच रस्त्यानं संस्थेत जात होता आणि पाच वर्षांत, बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या क्वार्टर्सकडे वळणाऱ्या त्या कोपऱ्यावर एकदाही थांबला नव्हता. त्या सकाळी पट्टा तुटला, लॅपटॉपसकट बॅग गुडघ्यावर आदळली, आणि कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्यानं "बसा, दहा मिनिटं लागतील" म्हणत एक उपडा डबा पुढं सरकवला. तो बसला, गुडघा चोळू लागला. समोर तीन मुली दोरीवर उड्या मारत होत्या. दोघी दोरी फिरवत होत्या, एक मध्ये. दोरी जमिनीवर आपटली की एक शब्द. डोंगर, चमचा. घोडा, पत्र. साबण, नदी. खुर्ची, लिंबू. घंटा, पडदा. पडदा आला की मधली बाहेर पडायची, दुसरी आत शिरायची आणि पुन्हा डोंगरापासून सुरू. आधी त्याला बरं वाटलं. परक्या गावात कुणी आपल्याला घरच्या टोपणनावानं हाक मारावी तसं. मग गुडघ्यावरचा हात तसाच थांबला. सहा वेळा त्यानं ती ओळ ऐकली. एकदाही शब्द चुकला नाही की क्रम चुकला नाही. "झालं, साहेब," चपला शिवणारा म्हणाला. तो उठला तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या.

ते दहा शब्द कुठल्या पुस्तकातले नव्हते. वीस वर्षांपूर्वी मॅडमनी, म्हणजे त्याच्या गाईडनी, एका दुपारी बसून ते निवडले होते. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, पण कुणालाही समजणारे. कारखान्यात शिसं वितळवायचे. त्याची धूळ वर्षानुवर्षं पोटात गेली तर म्हातारपणी स्मरणशक्तीचं काय होतं, हा मॅडमचा प्रश्न. त्यासाठी सहाशे चाळीस माणसं धरली होती. काही कारखान्याच्या भिंतीला चिकटलेल्या क्वार्टर्समधली, बाकीची शहराच्या दुसऱ्या टोकाची. दर दोन वर्षांनी प्रत्येकाच्या घरी जायचं, दहा शब्द वाचून दाखवायचे, मग दहा मिनिटं झोप, खोकला, भूक असलं काहीबाही विचारायचं आणि हळूच म्हणायचं, मघाचे शब्द आठवतात का? जितके आठवले तो आकडा चौकटीत. एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना व्हायला हवी म्हणून शब्द तेच ठेवलेले. दोन वर्षांत माणूस दहा शब्द विसरतोच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. फॉर्म कुलपात असायचे. त्यालासुद्धा ते पाहायला मिळाले ते साथरोगशास्त्राच्या पीएच.डी.ला नाव घातल्यावर, गुप्ततेच्या कागदावर सही केल्यावर. आणि आता ते दोरीवर नाचत होते.

संस्थेतली त्याची खोली म्हणजे पूर्वीची एक्स-रे फिल्म ठेवायची कोठी. खिडकी नाही, आणि भिंतींत मुरलेला आंबूस वास पाच वर्षांत गेला नव्हता. आता तर तो त्याच्या शर्टांनाही यायचा, बायको म्हणायची. दाराला स्प्रिंग होती, हात सोडला की ते आपणहून मागं लागायचं आणि लागताना एक हुंकार टाकायचं. तो बसला, लॅपटॉप उघडला आणि ग्राफ काढला. दोन रेघा. दूर राहणाऱ्यांची रेघ वयाबरोबर पायरी पायरीनं उतरत गेलेली, उतरायला हवी तशीच. क्वार्टर्सवाल्यांची रेघ टेबलासारखी सपाट. दहापैकी नऊ, दहापैकी दहा. शिशाच्या धुळीत आयुष्य काढलेली माणसं, आणि सत्तरीत त्यांची आठवण शाळकरी पोरांसारखी. पहिल्यांदा ही रेघ उमटली तेव्हा आठ महिने त्याचा विश्वास बसला नव्हता. त्यानं आकडे उलटेपालटे करून पाहिले, शिक्षण बघितलं, वय बघितलं, आजार बघितले, रेघ काही हलेना. मग त्याला कारण सापडलं. क्वार्टर्समधली माणसं चाळीस चाळीस वर्षं एकमेकांच्या दारात बसलेली, एकमेकांच्या आजारपणात उठबस केलेली; हा घट्ट शेजारच त्यांची स्मृती राखत होता. चौथं प्रकरण त्यानं त्यावरच लिहिलं. मॅडमनी ते वाचून चष्मा काढला होता आणि "हे चांगलं आहे" एवढंच म्हणाल्या होत्या. त्या तीन शब्दांवर तो वर्षभर जगला होता. थिसिस द्यायला सहा आठवडे उरले होते. शिवाय मॅडम ज्या समितीवर होत्या, तिच्यापुढं बॅटरीचाच एक नवा कारखाना आपल्या कामगारांची घरं भिंतीला लागून बांधायची परवानगी मागत होता, आणि समितीच्या कागदांत ही सपाट रेघ पुरावा म्हणून जोडलेली होती.

सासरे म्हणायचे, आमचा जावई डॉक्टर होता, तो डॉक्टर व्हायला गेला. चारचौघांत हा विनोद ते हमखास करायचे आणि तोही हमखास हसायचा. खरं होतं ते. दवाखाना चालत होता त्याचा. एक गवंडी दर महिन्याला खोकत यायचा, हा दर महिन्याला औषध द्यायचा, तो दर महिन्याला "आता बरं वाटतंय" म्हणून जायचा आणि पुन्हा त्याच सिमेंटात उभा राहायचा. एके दिवशी त्याच्या जागी त्याचा भाऊ आला, तसाच खोकत. त्या संध्याकाळी शटर ओढताना याच्या मनात आलं की आपण नळ उघडा ठेवून फरशी पुसतोय. एकेका माणसाकडे बघून काही कळायचं नाही, हजार माणसांकडे एकदम बघायला हवं. चौतिसाव्या वर्षी तो पुन्हा बाकावर बसला. साथ आली तेव्हा चार महिने त्याला भाव आला, नातेवाईक फोन करकरून विचारायचे; साथ ओसरली आणि पुन्हा "अजून शिकतोच का?" सुरू झालं. आता एकोणचाळीस पूर्ण होती. हजार माणसांकडे एकदम बघता बघता पाच वर्षांत त्यानं त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी ती ओळी होती. डावीकडे चार आकडी क्रमांक, उजवीकडे चौकटी.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. संध्याकाळी दोघं जेवायला बसली तेव्हा त्यानं, जणू दुसऱ्या कुणाचं असावं तसं, विचारलं, "तपासणीत लोक कधी फसवतात का गं?"

"रोज. ड्रायव्हर लोक तक्ता पाठ करून येतात. शेवटची ओळ धडाधड म्हणतात, डोळे मिटून."

"मग तू काय करतेस?"

"उलटी वाचायला लावते. बोलती बंद."

"आणि लायसन?"

"जातं." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "वाईट वाटतं. घरदार असतं बिचाऱ्याचं. पण समोरून येणाऱ्या गाडीत कधीतरी मीपण असते ना." मग तिनं ताटावरून हात तसाच वर धरून विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही," तो म्हणाला. तिला सांगितलं तर ते घडलेलं होईल, असं त्याला वाटत होतं. पुढचे चार दिवस त्यानं स्वतःशी वकिली केली. मुली कुठूनही शिकल्या असतील. एखाद्या घरी शब्द वाचले जाताना दाराशी उभ्या असतील. दहा शब्द पोरींना आले म्हणून आज्यांना येतात असं थोडंच आहे? पण डोक्यात दोरी आपटत राहिली. आणि तिच्यामागून, वर्षानुवर्षं आठवली नव्हती ती एक गोष्ट आठवू लागली. आई ओट्याशी पाठमोरी उभी असायची आणि त्याला पाढे म्हणायला लावायची. तो तिच्या पाठीकडे बघत म्हणायचा. चुकला की तिचा उजवा खांदा किंचित वर जायचा, बस्स. त्या खांद्याच्या भीतीनं त्याला एकोणतीसपर्यंतचे पाढे आले. आई गेली त्याला बारा वर्षं झाली. तिचा चेहरा हल्ली फोटोतलाच आठवायचा, पण एकोणतीसचा पाढा काढला की तो खांदा अगदी जिवंत दिसायचा. माणूस काय विसरतो आणि काय पाठ करून ठेवतो, यांत शहाणपण कुठंच नव्हतं. पाचव्या दिवशी त्यानं कागदावर दहा नवे शब्द लिहिले, संमतीचा फॉर्म घेतला आणि तो क्वार्टर्समध्ये गेला.

कोपऱ्यावरच्या मुलींपैकी एकीला विचारलं, "हे गाणं तुम्हाला कुणी शिकवलं?" तिनं बोटानं दार दाखवलं. "मास्तरीणबाईंनी. सगळ्यांनाच त्यांनी शिकवलंय. आमच्या बाबांनापण." मास्तरीणबाई कुठल्याही शाळेत शिकवत नव्हत्या. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती आणि हे नाव गल्लीनं दिलेलं होतं. चौऱ्याहत्तरीची, ताठ बसणारी बाई. गळ्यात दोरीला किल्ली. संस्थेतून आलोय म्हटल्यावर त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तो काही बोलायच्या आत हात मांडीवर ठेवून म्हणून टाकलं, "डोंगर चमचा घोडा पत्र साबण नदी खुर्ची लिंबू घंटा पडदा. लिहा, दहापैकी दहा."

"मी अजून वाचले नाहीत शब्द, बाई."

"नसतील. दरवेळी तेच तर असतात." त्या हसल्या. "तुमची एक पोरगी यायची, ती वाचायच्या आधी म्हणायची, 'तुम्हाला येतंच.' चांगली होती पोरगी."

कुणी शिकवलं, केव्हा, असं त्यानं विचारलं, आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पहिल्या खेपेला एक उंच, चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. नवऱ्याला शब्द वाचून दाखवले. त्याला तीनच आठवले. "तर ती बाई म्हणाली, 'अरेरे.' हळूच म्हणाली हो, पण म्हणाली. आणि लिहून घेतलं. आठवडा गेला आणि ह्यांना भट्टीवरून काढून गोदामात टाकलं. आता तुम्ही म्हणाल, त्याचा याच्याशी काय संबंध. असेल, नसेल. पण गल्लीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, रडताय काय, दहा तर शब्द आहेत! दुसऱ्या खेपेला शेजारच्या घरात वाचत होते तेव्हा भिंतीला कान लावून उतरवून घेतले. रोज पाणी भरायच्या वेळी म्हणून घ्यायचे सगळ्यांकडून. ज्याचा चुकेल त्याला पाणी शेवटी." त्यांना आठवणीनंच हसू फुटलं. "पुढच्या खेपेला सगळी आळी पास. मग कारखाना बंद पडला, हे गेले, पण म्हटलं असू द्या. म्हातारपणी कुणी 'हिचं डोकं गेलं' म्हणायला नको."

तो ऐकत होता आणि त्याचं चौथं प्रकरण त्याच्या डोळ्यांदेखत वाक्यावाक्यानं खरं आणि खोटं होत होतं. शेजार होता. घट्ट होता. त्यानंच तर हे केलं होतं. स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या कपाटात मिठाचे पुडे रचलेले त्याला दिसले. डॉक्टरी सवयीनं त्यानं मोजले, अकरा. त्याची नजर बघून बाई म्हणाल्या, "मीठ संपलंय असं रोज वाटतं." मग त्यानं संमतीचा कागद काढला आणि संस्थेत सगळे वाचतात त्या वेगानं वाचला, एका दमात, चार मिनिटांत: भाग घेणं ऐच्छिक आहे, केव्हाही माघार घेता येईल, तपासणीत काही काळजीचं आढळल्यास जवळच्या नातेवाइकांना कळवलं जाईल. बाई "हो, हो" म्हणत होत्या. त्यांनी वळणदार सही केली. त्यानं नवे शब्द वाचले. टोपी, विहीर, कात्री, ढग, ताट, मांजर, शाई, कुलूप, रस्ता, फूल. मग झोप विचारली, भूक विचारली, मुलाबद्दल विचारलं. तो दूरच्या शहरात इंजिनियर होता, नवव्या मजल्यावर राहायचा. दहा मिनिटांनी त्यानं म्हटलं, "मघाचे शब्द आठवतात?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "डोंगर," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हातानं तो शब्द बाजूला सारला. "नाही, ते नव्हे. तुम्ही दुसरे म्हणालात." भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कुलूप," त्या गळ्यातल्या किल्लीला धरून म्हणाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "फूल?" मग काहीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं दवाखान्यात पुष्कळदा पाहिलं होतं. निदान सांगण्याआधी माणसाला ते कळतं तेव्हाचं. त्याच्या जिभेच्या टोकाशी तोच एक शब्द आला, चष्मेवाल्या बाईंचा. त्यानं ओठ घट्ट मिटून तो आत ठेवला.

"किती झाले?"

"आकडा सांगायचा नाही असा नियम आहे, बाई."

"दोन झाले. मला मोजता येतं." त्या उठून उभ्या राहिल्या. "हे लिहू नका. मुलाला कळलं तर तो मला घेऊन जाईल. मी चूल न पेटवता राहीन, पण इथं राहीन. ऐकताय ना? लिहू नका."

तो काहीतरी पुटपुटला. हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि बाहेर पडला. दिवसभर तो कागद छातीशी ऊन लागल्यासारखा जाणवत राहिला. माघार घ्यायचा बाईंना हक्क होता, म्हणजे कागद फाडायची त्याला सक्ती होती. केव्हाही माघार, हे वाक्य त्यानं स्वतः वाचलं होतं. न फाडावा तर बाईंच्या नशिबी मुलाच्या नवव्या मजल्यावरची खिडकी. फाडावा तर भिंतीला लागून नवी घरं, त्यांत नवी पोरं, नवी धूळ, आणि त्याच्या नावापुढं डॉक्टर. कोणीकडून बघितलं तरी दाराला स्प्रिंग होती.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत गेला. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. टेबलावर वीस वर्षांचे अहवाल बांधून ठेवलेले. त्यानं दोरीच्या उड्या सांगितल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मुली रस्त्यावर काय म्हणतात यावर आपण वीस वर्षांचं काम मागं घ्यायचं? मर्यादांच्या परिच्छेदात दोन ओळी लिही. सरावाचा परिणाम नाकारता येत नाही, वगैरे. सबमिट कर. पुरे झालं तुझं आता." त्या मनापासून म्हणाल्या, आईसारख्या, आणि त्याला रडू येईल असं वाटलं. दोन ओळी. इतकं सोपं होतं. तेव्हा त्यानं खिशातून कागद काढून पुढं ठेवला. मॅडमनी क्रमांक पाहिला, दोनचा आकडा पाहिला. त्यानं पाणी भरतानाची शाळा सांगितली, भट्टी सांगितली, पहिल्या खेपेच्या चष्मेवाल्या बाई सांगितल्या, आणि ते "अरेरे"ही सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ त्या काचा पुसत राहिल्या. "पहिली फेरी मीच केली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाले असेन मी. या कामात नवी होते. तोंडातून गेलं असेल." पुन्हा काचा पुसल्या. "एक 'अरेरे.'" मग त्यांनी फोन उचलला आणि समितीच्या कागदांतून आपला निष्कर्ष काढून घ्यायला सांगितलं, कारण न देता. फोन ठेवून त्या त्याच्याकडे वळल्या. सगळ्यांना नवी यादी. क्वार्टर्समधल्या दोनशे बारा माणसांपासून सुरुवात, आणि दोन वर्षांनी पुन्हा. म्हणजे किमान तीन वर्षं. "मी नसेन, पण तू आहेस," त्या म्हणाल्या. "आणि या बाईंच्या नातेवाइकांना पत्र जायला हवं. नियम आपलाच आहे. त्यांची काही हरकत नव्हती ना?"

हा एवढाच प्रश्न होता. खोलीला खिडकी होती, तिच्यातून बाहेरचं झाड दिसत होतं. "फॉर्मवर सही आहे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. पत्राचा मसुदा त्यानंच केला आणि सहीही त्याचीच गेली. घरी त्यानं बायकोला थिसिस लांबल्याचं सांगितलं, ती म्हणाली, "बाबांना मी सांगते. तू नको सांगूस." बाई काय म्हणाल्या होत्या ते मात्र त्यानं तिलाही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी तो नव्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन क्वार्टर्समध्ये शिरला तेव्हा मास्तरीणबाईंच्या दारात गाडी उभी होती. मुलगा सामान ठेवत होता. पत्र पाठवणारा हाच, हे कळताच त्यानं दोन्ही हातांनी याचा हात धरला. "बरं झालं तुम्ही कळवलंत. फोनवर आई इतकी ठणठणीत बोलते, आम्हाला पत्ताच नव्हता. काल आलो तर गॅस नुसता चालू, पातेलं जळून कोळसा." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्यामुळंच याला मान वर करता येईना. अख्खी आळी बाहेर आलेली. बाई एकेकाशी बोलल्या, कुणाच्या सुनेला कितवा महिना ते विचारलं, कुणाला दाताचं औषध सांगितलं, एकही नाव चुकल्या नाहीत. मग त्यांची नजर याच्यावरून फिरली आणि थांबली नाही. त्या याला विसरल्या होत्या की ओळख देत नव्हत्या, हे ठरवायला त्याच्याकडे कुठलाही फॉर्म नव्हता. गाडी वळणापाशी दिसेनाशी झाली. माणसं आत गेली, दारं लागली. गठ्ठा हातात धरून तो मधोमध उभा राहिला, आणि मग शेजारच्या दाराची कडी वाजवली, कारण यादीत पुढचा क्रमांक तोच होता.

तिथं एक निवृत्त फिटर एकटाच राहायचा. मास्तरीणबाईंच्या भिंतीला लागून त्याची भिंत. "बसा," तो म्हणाला. पाणी दिलं नाही. "काय वाचायचंय ते वाचा."

त्यानं संमतीचा कागद काढला आणि वाचायला लागला, आणि दुसऱ्याच वाक्याला त्याचा मागच्या खेपेचा वेग तुटला. एकेक वाक्य वाचून तो थांबू लागला. म्हाताराही प्रत्येक वाक्याला विचार करून मान हलवायचा. काळजीचं काही आढळल्यास नातेवाइकांना कळवलं जाईल, इथं म्हातारा म्हणाला, "पुन्हा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. केव्हाही माघार घेता येईल, इथं म्हाताऱ्यानं बोट वर केलं.

"म्हणजे नाही म्हणता येतं?"

"येतं."

"झाल्यावरसुद्धा? तुम्ही लिहून घेतल्यावर?"

"झाल्यावरसुद्धा. मग आम्ही कागद काढून टाकतो."

म्हाताऱ्यानं भिंतीकडे पाहिलं. पलीकडे आता काहीच वाजत नव्हतं. "मग हे तिला कुणी सांगितलं नव्हतं का? तिनं नाही म्हटलं असतं तर?"

तो कागदाकडे बघत राहिला. सांगितलं होतं, चार मिनिटांत, असं म्हणता आलं असतं. सही आहे असंही म्हणता आलं असतं. समितीचं, भिंतीलगतच्या घरांचं सांगता आलं असतं, आणि ते तर खरंच होतं. हजार माणसांकडे एकदम बघायचं कसं ते त्याला येत होतं.

"म्हटलं होतं," तो म्हणाला.

म्हातारा रागावला नाही. त्यानं नुसतं डोकं हलवलं, एखाद्या यंत्राचा बिघाड अखेर सापडल्यावर हलवावं तसं. मग उठून त्यानं दार पुरतं उघडलं. "माझं लिहा," तो म्हणाला. "नाही."

त्यानं फॉर्मवर नकाराच्या चौकटीत खूण केली, तारीख घातली, म्हाताऱ्याची सही घेतली. पुढच्या दारीही त्यानं तसंच सावकाश वाचलं. त्याच्या पुढच्या दारीही. एका घराला चाळीस मिनिटं लागत होती आणि कुणी त्याला घालवून देत नव्हतं. सगळे शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावायचे, आणि विचार करून नाही म्हणायचे. ऊन भिंतीवरून उतरत होतं. चौथ्या घरातून बाहेर पडला तेव्हा फोन वाजला. मॅडम होत्या.

"किती झाले?"

"चार."

"चार झाले? छान."

"चार 'नाही' झाले, मॅडम."

"तू नीट समजावून सांगतोयस ना त्यांना?" त्यांनी विचारलं.

"आज पहिल्यांदाच सांगतोय," तो म्हणाला. फोन खिशात ठेवला, गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. पाचवं दार उघडंच होतं. आत एक बाई दोन खुर्च्या समोरासमोर मांडून केव्हाची बसून होती.